बटण कोणी दाबले?

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा नावाचे गाव आहे. समजा, तेथील नववीतला एक मुलगा आणि त्याचे वडील फोनवर कपाशीसाठी फवारणीचा पंप शोधत आहेत. पडद्यावर किंमत दिसते १,४५० रुपये. खाली लाल अक्षरे : ‘फक्त २ शिल्लक!’ शेजारी एक घड्याळ उलटे धावते आहे. वडील घाईने बटण दाबतात. खात्यातून मात्र १,५७९ रुपये जातात! वरचे १२९ रुपये कशाचे? आणि हा निर्णय घेतला कोणी? वडिलांनी, की पडद्याच्या मांडणीने?

मांडणी बाजारातही असतेच. भाजीवाला ताजी वांगी वर रचतो. पण तेथे आपण वांगे हातात घेऊन पाहतो, भाव करतो, चार दुकाने फिरून परत येतो. फोनवर मात्र पडदा दाखवील तेवढेच दिसते. म्हणून तेथे मांडणीचे बळ फार वाढते. या मांडणीमागे शास्त्र आहे. ते आपण प्रयोगानेच पाहू या.

एका कागदावर ४ सेंटिमीटर बाजूचे दोन चौकोन काढा. त्यांच्या मध्यबिंदूंत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. दुसऱ्या कागदावर तेवढ्याच अंतरावर १ सेंटिमीटर बाजूचे दोन चौकोन काढा. आता पेन्सिलीचे टोक एकदा डाव्या, एकदा उजव्या चौकोनात असे २० वेळा टेकवा. टोक चौकोनाबाहेर पडता कामा नये. मित्राला घड्याळ लावून वेळ मोजायला सांगा. लहान चौकोनांना जास्त वेळ लागेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये याच धर्तीचे प्रयोग केले आणि नियम मांडला : लक्ष्य जितके दूर व जितके लहान, तितका तेथे पोहोचायला वेळ अधिक. आता ‘खरेदी करा’ हे बटण मोठे, रंगीत आणि अंगठ्याजवळ का असते, आणि ‘रद्द करा’ बारीक अक्षरांत कोपऱ्यात का असते, ते ध्यानात आले ना?

दुसरी गोष्ट टप्प्यांची. प्रत्येक टप्प्यावर माणूस थांबतो, ‘खरेच हवे आहे का?’ असे स्वतःला विचारतो. टप्पे कमी केले की हा विचारही कमी होतो. एकाच टिचकीत खरेदी करण्याच्या पद्धतीचे पेटंट ॲमेझॉन कंपनीला अमेरिकेत १९९९ मध्ये मिळाले. ते २०१७ पर्यंत चालू होते. एक टिचकी वाचवणे केवढे मोलाचे मानले गेले, पाहा!

तिसरी गोष्ट आळसाची. चौकटीत आधीच बरोबरची खूण असेल, तर बहुतेक जण ती तशीच राहू देतात. आपल्या १२९ रुपयांचे कोडे येथे सुटते. ४९ रुपये होते विम्याचे. त्याची खूण आधीच केलेली होती. उरलेले ८० रुपये पोहोचवण्याचे. ते अगदी शेवटच्या पानावर उगवले.

मग हे शास्त्र वाईट म्हणायचे काय? मुळीच नाही. सुरी भाजी चिरते आणि बोटही कापते. २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या भारतातील दुकानाचे पडदे मराठीतूनही वाचता येऊ लागले. इंग्रजी न येणाऱ्या ग्राहकाला काय घेतो आहोत आणि वस्तू परत कशी करायची हे स्वतः वाचता येणे, हीसुद्धा मांडणीचीच करामत. चांगली मांडणी समजायला मदत करते. वाईट मांडणी समजण्याआधीच बटण दाबायला लावते.

अशा फसव्या मांडणीला हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश तज्ज्ञाने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई, न विचारता टोपलीत घातलेली वस्तू, शेवटी उघड होणारा खर्च, हे तिन्ही प्रकार त्यांत आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे.

आता एक काम करा. घरी पुढच्या वेळी कोणी फोनवरून काही मागवू लागले, की शेजारी बसा. तीन प्रश्न विचारा : एकूण रक्कम किती? आपण न केलेली खूण कोठे आहे? रद्द करायचे बटण कोठे आहे? आणि घड्याळ उलटे धावत असेल, तर फोन खाली ठेवून एक पेला पाणी प्या. घाई खरी आहे की नुसती दाखवलेली, हे थंड डोक्यानेच कळते. फवारणीच्या दिवसांत १२९ रुपये ही काही लहान रक्कम नव्हे. बटण दाबायचेच असेल, तर ते आपल्या विचाराने दाबलेले असू द्या.