मंद प्रकाशातील छायाचित्रे व फ्लॅशचा उपयोग

विद्यार्थ्यांची छायाचित्रे घेण्याचे काम आता बहुधा शिक्षकांवरच येते. पावसाळ्यात कौलारू वर्गखोलीत उजेड बेताचा असतो. अशा वेळी चेहरे काळवंडतात, डोळे तांबडे दिसतात किंवा मागील भिंत अंधारात बुडून जाते. कित्येक मुलांच्या लहानपणाची आठवण म्हणून शाळेतील छायाचित्रच काय ते उरते. त्यात मूल ओळखू यावे, एवढ्यासाठी तरी फ्लॅशचे प्रकार शिक्षकांनी समजून घेणे इष्ट आहे.

प्रथम एक नियम ध्यानात ठेवावा. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश निम्मा नव्हे, तर एक-चतुर्थांश होतो. म्हणून २ मीटरवरील पहिली रांग भगभगीत व ४ मीटरवरील शेवटची रांग काळोखी येते. समूहचित्रात रांगा थोड्या व जवळजवळ ठेवाव्यात.

फ्लॅशचे प्रकार :

(१) आपोआप पेटणारा : निर्णय कॅमेरा घेतो. मूल खिडकीकडे पाठ करून बसले असता मागील उजेडामुळे कॅमेरा फसतो. फ्लॅश पेटत नाही व चेहरा काळा येतो.

(२) हमखास पेटणारा : वरील प्रसंगी हाच योजावा.

(३) तांबडे डोळे टाळणारा : अंधारात डोळ्याची बाहुली विस्फारते. भिंगालगतच्या फ्लॅशचा प्रकाश तीतून आत शिरतो आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या आतील पडद्यावरून तांबडा होऊन परततो. या प्रकारात आधी लहान झोत पडून बाहुली आकसते. मुख्य झोत त्यानंतर येतो. तोवर मुलांनी हलू नये.

(४) मंदगती : कॅमेऱ्याचा पडदा अधिक वेळ उघडा राहतो. चेहरा फ्लॅशने उजळतो, तर मागील फळा, तक्ते व दिवे खोलीतील उजेडाने उमटतात. कॅमेरा मेजावर टेकवावा, नाहीतर चित्र पुसट येते.

(५) बंद : खिडकीजवळ, उजेड एका बाजूने चेहऱ्यावर पडेल असे बसवता आल्यास फ्लॅशची गरजच नाही. मोबाइलचा दिवा क्षीण असल्याने तेथे हा मार्ग बहुधा उत्तम.

चष्मा असलेल्या मुलास मान किंचित वळवावयास सांगावे, म्हणजे काचेवर झळक येत नाही. लखलखाटाने ज्यास फेफरे येते, अशा मुलापुढे फ्लॅश मुळीच वापरू नये. पालकांकडे आधी चौकशी करावी.

वर्गात करावयाचा प्रयोग : अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीपासून ३० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर बाजूचा चौरस पुठ्ठा धरावा व ६० सेंटिमीटरवरील भिंतीवर पडलेली छाया मोजावी. तिची बाजू सुमारे १० सेंटिमीटर भरते. म्हणजे २५ चौरस सेंटिमीटरवर पडणारा प्रकाश भिंतीपर्यंत जाता १०० चौरस सेंटिमीटरवर पसरला असता. वर सांगितलेला नियम मुले यावरून स्वतःच काढतील.

छायाचित्र घेताच ते मोठे करून प्रत्येक चेहरा तपासावा. एकाही मुलाचा चेहरा अंधारात राहिला असल्यास, मुले पांगण्यापूर्वी दुसरे घ्यावे.