एका फडाला एकच चिठ्ठी



उसाची तोडणी एका जागेवरून चालत नाही. चिठ्ठी गट कार्यालयातून निघते, टोळी फडात असते, ट्रॅक्टर रस्त्यावर आणि गव्हाण कारखान्यावर. मेळ बसला तर तुटलेला ऊस २४ तासांत गाळपाला जातो. पण एकीकडे बिघडले की दुसरीकडे ते लगेच कळत नाही, आणि खरे नुकसान तेवढ्या वेळातच होते.

मागे एका गटात असेच झाले. सकाळी टोळीला चिठ्ठी दिली. दुपार टळली तरी काट्यावर खेप नाही, मुकादमाचा फोन लागेना. टोळी उतरलीच नाही असे समजून आम्ही दुसऱ्या टोळीला चिठ्ठी दिली. तिने फडाच्या दुसऱ्या टोकाने कोयता लावला. पहिली टोळी तर सकाळपासूनच तोडत होती. ट्रॉलीचा एक्सल मोडून ट्रॅक्टर ओढ्यात अडकला होता, एवढेच! संध्याकाळी दुप्पट ऊस पडला आणि वाहायला वाहन एकच. बराचसा ऊस तिसऱ्या दिवशी गव्हाणीत गेला. चूक आमचीच. निरोप आला नाही म्हणजे काम झाले नाही, असे आम्ही धरून चाललो.

तुटलेल्या उसातले पाणी उडते, वजन घटते. हा तोटा ज्याचा ऊस त्याचा. शिवाय सुक्रोज फुटून त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, त्याचा साखरेचा दाणा बनत नाही. उतारा घटतो, तो तोटा सगळ्यांचा. जळका ऊस याहून लवकर बिघडतो. उभा ऊस मात्र एक-दोन दिवस थांबू शकतो. म्हणून वाहन अडले की आधी कोयता थांबवावा, मग वाहन शोधावे. टोळीला मजुरी टनावर मिळते, तिला थांबणे जड जाते हे आम्हालाही समजते.

अनेक संगणक मिळून एक काम करतात तिथेही हाच पेच आहे. समोरून उत्तर आले नाही, तर यंत्र बंद पडले की मधली तार तुटली हे दुरून कळत नाही. म्हणून तिथे प्रत्येक कामाला एक क्रमांक देतात. तीच सूचना पुन्हा गेली तरी क्रमांक पाहून यंत्र ते काम दोनदा करत नाही. आपल्याकडे चिठ्ठीचा नंबर आहेच, तो बघत कुणी नाही!

तेव्हा नंबर टिपून ठेवा. कोयता लागला आणि वाहन भरून निघाले, हे दोन निरोप सारे सुरळीत असले तरी गट कार्यालयाला द्या. फडात दुसरी टोळी आली तर आधी नंबर विचारा. पहिली चिठ्ठी रद्द झाल्याचे स्लिपबॉयने फडावर येऊन सांगितल्याशिवाय तिला कोयता लावू देऊ नका.