वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाची तयारी: शेकोटी, परीकथा आणि जूनमधले जेवण

आयर्लंड किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक अडचण हमखास येते. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी बाहेर उजेड असतो आणि मुले झोपायला तयार नसतात. याच दिवसांत तिथल्या गावांनी शेकोटी, गोष्टी आणि हंगामी खाणे यांचा सण केला. तो आपल्या घरी, आठ-दहा माणसांत, कोणत्या क्रमाने करावा हे पुढे दिले आहे. गोष्टी आयर्लंडच्या घेतल्या आहेत, कारण या रात्रीच्या परीकथा तिथे टेकड्यांच्या आणि तळ्यांच्या नावांनिशी टिकून आहेत.

१. तारीख ठरवावी

दोन तारखा आहेत. पहिली अयनदिनाची. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे सर्वाधिक झुकतो आणि सूर्य कर्कवृत्तावर येतो. हा दिवस २० ते २२ जूनच्या दरम्यान, बहुतेक वेळा २० किंवा २१ जूनला येतो. त्या दिवशी मुंबईत सव्वातेरा तासांचा दिवस असतो, डब्लिनमध्ये सुमारे सतरा तासांचा, तर एडिंबरामध्ये साडेसतरा तासांचा.

दुसरी तारीख २३ जूनच्या संध्याकाळची. चर्चने बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा जन्मदिन नाताळच्या सहा महिने आधी, २४ जूनला धरला आणि उन्हाळ्याच्या शेकोट्या त्याच्या पूर्वसंध्येशी जोडल्या गेल्या. आयर्लंडच्या पश्चिम भागात त्या आजही २३ जूनला पेटतात. गोव्यातला सांजाव याच संताचा. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारण्याचा तो दिवस युरोपातल्या या सणाशी एकाच तारखेने बांधलेला आहे.

माझा सल्ला २३ जूनचा, कारण बहुतेक गोष्टी याच रात्रीच्या आहेत. कामाचा वार असेल तर जवळचा शनिवार घ्यावा.

२. ज्यांच्या गोष्टी सांगायच्या आहेत, त्यांची ओळख करून घ्यावी

बोटभर उंचीची, पंखांची परी मुख्यतः व्हिक्टोरियन चित्रांनी रूढ केली. आयरिश लोककथेतले 'शी' वेगळे. ते माणसाएवढे असतात, टेकड्यांच्या पोटात राहतात, गुरे पाळतात आणि त्यांना संगीताचे वेड असते. मान ठेवला तर ते भरभराट देतात. अपमान झाला तर दूध आटते, मूल आजारी पडते. म्हणून जुनी माणसे त्यांचे नाव घेण्याचे टाळून त्यांना 'भली माणसं' म्हणत. रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडं' म्हणणाऱ्या घरांत वाढलेल्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

कार्यक्रमाची सगळी आखणी यावरून करावी. या रात्री आपण पाहुणे असतो. थोडेच घ्यावे, विचारून घ्यावे आणि वेळेवर निघावे. सजावट कितीही सुंदर केली आणि हे शील सुटले, तर त्या लोककथेचे काहीच उरत नाही, असे मला वाटते.

३. दोन गोष्टी निवडून तोंडपाठ कराव्यात

पुस्तकातून वाचून दाखवण्यापेक्षा सांगितलेली गोष्ट मुलांना जास्त धरून ठेवते. दोन पुरेत.

पहिली लस्मोरची. ही थॉमस क्रॉफ्टन क्रोकर यांच्या १८२५ च्या संग्रहात आहे. टिपरेरी काउंटीतल्या गाल्टी डोंगरांच्या पायथ्याशी पाठीवर मोठे कुबड असलेला एक माणूस राहत असे. टोपलीकाम करून पोट भरायचा आणि टोपीत नेहमी फॉक्सग्लोव्हची फांदी खोचायचा, म्हणून लोक त्याला त्या फुलाच्याच आयरिश नावाने, लस्मोर म्हणून हाक मारत. एका रात्री दमून तो नॉकग्राफ्टनच्या मातीच्या उंचवट्याशी टेकला, तर आतून गाणे ऐकू आले: 'सोमवार, मंगळवार' एवढेच शब्द, पुन्हा पुन्हा. त्याने बराच वेळ ऐकले. मग गाणे थांबण्याची वाट पाहून, त्याच सुरात 'आणि बुधवार' जोडले. आतली मंडळी इतकी खूश झाली की त्यांनी त्याचे कुबड उतरवले आणि त्याला नवे कपडे दिले. हे ऐकून दुसरा एक कुबड असलेला माणूस तिथे गेला. त्याने ना ताल पाहिला ना सूर, मध्येच ओरडून आणखी वार घुसडले. त्याच्या पाठीवर लस्मोरचे कुबडही बसले. सांगताना 'सोमवार, मंगळवार' हे पालुपद मुलांकडून म्हणवून घ्यावे आणि लस्मोर ऐकत थांबतो तिथे आपणही खरेच थांबावे.

दुसरी गोष्ट ऑन्याची. लिमरिक काउंटीतली नॉकेनी टेकडी या परीराणीची. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींनुसार, संत योहानाच्या पूर्वसंध्येला गावकरी गवत आणि पेंढ्याचे पलिते काठ्यांना बांधून टेकडीवर जमत, फेरी घालत आणि मग तेच पलिते शेतांतून आणि गुरांमधून फिरवत, म्हणजे वर्षभर बरकत राहील. एके वर्षी काही मुली रात्री उशिरापर्यंत टेकडीवर रेंगाळल्या. ऑन्या त्यांच्यासमोर आली. केलेल्या मानाबद्दल तिने आभार मानले आणि सांगितले की आता घरी जा, आमच्या लोकांना टेकडी हवी आहे. तिने आपल्या अंगठीतून काही मुलींना पाहू दिले, तेव्हा रिकामी वाटणारी टेकडी माणसांनी गच्च भरलेली दिसली.

मोठी मुले असतील तर शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला पक त्यांना ठाऊक असेल. तो म्हणजेच इंग्लिश घरांत वावरणारा खोडकर 'रॉबिन गुडफेलो', एवढे सांगून पुढे जावे.

४. आठवडाभर आधी एल्डरची फुले आणावीत

या हंगामाचा खरा सुगंध एल्डरफ्लॉवरचा. मेअखेरीपासून जूनच्या शेवटापर्यंत कुंपणांवर आणि रस्त्यांच्या कडेला मलईच्या रंगाचे चपटे झुबके दिसतात. ओळख पक्की करावी, कारण याच काळात फुलणारी हेमलॉक ही वनस्पती जीवघेणी विषारी आहे. एल्डर हे लाकडी खोडाचे झुडूप किंवा लहान झाड असते आणि त्याच्या एका पानाला साधारण पाच ते सात पर्णिका असतात. हेमलॉकचा दांडा हिरवा, पोकळ, जांभळे ठिपके असलेला, आणि पाने नेच्यासारखी बारीक कापलेली. जराही शंका असेल तर फूल तोडू नये. पहिल्या वर्षी जाणकाराला सोबत घ्यावे.

कोरड्या सकाळी, रस्त्याच्या धुरापासून दूर, एका झाडाचे दोन-चारच झुबके घ्यावेत. इंग्लंड आणि डेन्मार्कच्या लोकसमजुतीत एल्डरमध्ये एक वृद्ध स्त्री राहते आणि तिला विचारल्याशिवाय फांदी तोडत नाहीत. मुलांना झाडाला विचारायला जरूर लावावे. कायद्याचेही पाहावे: इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार, रानात उगवलेली फुले विक्रीसाठी नव्हे तर स्वतःसाठी तोडणे हा गुन्हा ठरत नाही, परंतु जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रोप मुळासकट उपटणे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने बेकायदा आहे. उद्यानांचे आणि राखीव क्षेत्रांचे नियम वेगळे असतात.

सरबताचा अर्क असा करावा. साधारण वीस झुबके हलके झटकून किडे काढावेत. फुले धुऊ नयेत, सुगंध परागात असतो. जाड हिरवे देठ कापून टाकावेत, कारण एल्डरची पाने, देठ आणि कच्ची फळे पोटाला अपायकारक असतात. एक लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळवून उकळावी आणि आच बंद करावी. त्यात फुले, दोन लिंबांची किसलेली साल आणि चकत्या, तसेच ४० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड घालून झाकून चोवीस तास ठेवावे. मलमलच्या फडक्यातून गाळून, उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. पिताना एका भागाला सात-आठ भाग थंड पाणी पुरते.

५. जेवण साधे आणि त्याच आठवड्याचे असावे

जूनमध्ये नवे बटाटे येतात. ते सालीसकट उकडून लोणी आणि पुदिन्याबरोबर द्यावेत. ताजे मटार आणि ब्रॉड बीन्स यांना जिरे-लसणाची फोडणी चांगली लागते. फक्त जी६पीडी कमतरता, म्हणजे तांबड्या पेशींचा एक आनुवंशिक दोष असणाऱ्यांनी ब्रॉड बीन्स पूर्ण टाळावेत. गोडात स्ट्रॉबेरी आणि घट्ट साय. गूसबेरी मिळाल्यास थोड्या साखरेत शिजवून, गार करून, एल्डरच्या अर्कासह फेटलेल्या सायीत मिसळावी. हाच अर्क चक्क्यात घालून केलेले श्रीखंडही याच पंक्तीत शोभते.

एक पदार्थ मात्र चुकवू नये. आयर्लंडच्या काही भागांत या रात्री शेकोटीजवळ 'गुडी' खात: शिळ्या पांढऱ्या पावाचे तुकडे गरम दुधात साखर आणि मसाला घालून भिजवलेले. जायफळ किसून घातले की पुरे. शेकोटी विझत आली की मुलांच्या हातात वाटी द्यावी.

६. सजावटीच्या वनस्पती तपासून घ्याव्यात

सेंट जॉन्स वर्ट हे पिवळे फूल या दिवशी दारावर टांगत. टांगावे, पण त्याचा काढा करू नये. ते गर्भनिरोधक गोळ्या, नैराश्यावरील औषधे आणि इतर अनेक औषधांच्या परिणामात अडथळा आणते. फॉक्सग्लोव्ह लस्मोरचे असले तरी त्याचा प्रत्येक भाग हृदयाला घातक आहे. ते बागेत दुरूनच दाखवावे. नेच्याचे 'बी' या रात्री मिळाले तर माणूस अदृश्य होतो, अशी जुनी समजूत होती. नेच्याला बी नसतेच, तो बीजाणूंपासून वाढतो. पानामागचे तपकिरी ठिपके मुलांना भिंगातून दाखवावेत.

७. जागा ठरवावी, आणि काही जागा सोडून द्याव्यात

घरची बाग सर्वांत सोयीची. आयर्लंडमध्ये फिरायला जाणार असाल तर 'परीकिल्ले' भेटतील. हे खरे तर मध्ययुगाच्या प्रारंभीच्या शेतघरांभोवतीचे मातीचे गोल बांध. ते संरक्षित स्मारक असल्याने तिथे खणू नये आणि आग पेटवू नये. एकाकी उभे हॉथॉर्नचे झाडही 'भल्या माणसांचे' मानतात, त्याची फांदी तोडू नये. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटून इथे नव्या रस्त्याच्या मार्गात असे एक झाड आले होते. कथाकार एडी लेनिहान यांनी ते वाचवण्यासाठी आवाज उठवला आणि झाड राखून रस्ता झाला. अशा झाडांना लोक नायलॉनच्या फिती आणि प्लास्टिक बांधतात, त्या फांद्यांना काचतात. आपण काहीही बांधू नये.

८. संध्याकाळचा क्रम

सात वाजता जेवण. साडेआठला लस्मोरची गोष्ट, उजेडातच. लिमरिककडे सूर्य रात्री दहानंतर मावळतो, लंडनमध्ये सव्वानऊनंतर. त्या सुमारास शेकोटी पेटवावी.

शेकोटी लोखंडी घमेल्यात, कुंपण आणि झाडांपासून दूर, बाजूला पाण्याची बादली ठेवून करावी. स्थानिक नियम आधी पाहावेत. बहुतेक उद्यानांत आणि बाल्कनीत आग चालत नाही. लाकडे आधीपासून रचलेली असतील तर पेटवण्यापूर्वी पूर्ण उचलून पाहावीत, कारण साळिंदरासारखा दिसणारा छोटा हेजहॉग अशा ढिगात शिरून बसतो. आगीवरून उडी मारण्याची जुनी चाल घरच्या कार्यक्रमात वगळावी.

अंधारू लागले की ऑन्याची गोष्ट सांगावी. संपताच पलित्यांच्या जागी मुलांच्या हाती बॅटरीचे कंदील देऊन घराभोवती आणि भाज्यांच्या वाफ्यांभोवती एक फेरी घालावी. फेरी सूर्याच्या दिशेने, उजवीकडे वळत, म्हणजे प्रदक्षिणेसारखीच. आयरिश प्रथेतही हीच दिशा शुभ मानतात. फेरीनंतर गुडी, आणि अकराच्या सुमारास सगळ्यांनी आत यावे. ऑन्याने मुलींना घरी जायला सांगितले, हे मुलांना आठवत असते. त्या रात्री आत बोलावणे सोपे जाते.

९. भल्या माणसांचा वाटा

दुधाची किंवा सायीची वाटी बाहेर ठेवण्याची प्रथा आहे. ती दाराबाहेर जमिनीवर न ठेवता खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवावी. हेजहॉगला दूध पचत नाही, ते प्यायल्यास तो आजारी पडतो. मध ठेवणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाच्या हाती लागणार नाही असे पाहावे.

१०. दुसऱ्या दिवशी सकाळी

राख पूर्ण गार झाल्यावरच उचलावी. फक्त न रंगवलेले, कोरडे लाकूड जाळले असेल तर तिची चिमूट-चिमूट भाज्यांच्या वाफ्यात घालता येते; शेकोटीतले निखारे शेतात नेऊन टाकण्याची प्रथा आयर्लंडमध्ये होतीच. ब्लूबेरीच्या कुंडीत मात्र राख घालू नये, तिला आम्लधर्मी माती लागते. उरलेला अर्क फ्रीजमध्ये काही आठवडे टिकतो. जास्त दिवस हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा आणि जुलैत गूसबेरी भरपूर येतील तेव्हा वापरावा.