रोजची एक गोळी आणि तिच्या वाटेतील अडसर



अंधेरी स्थानकाबाहेर, हायवेच्या सिग्नलवर किंवा लोकलच्या डब्यात टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी स्त्रिया आपण रोज पाहतो. कोणी नाणे देतो, कोणी तोंड फिरवतो. त्यांच्या आरोग्याचा विचार मात्र क्वचितच होतो. एका औषधाच्या निमित्ताने तो विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

२०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३.१४ टक्के आढळले. त्याच वर्षी देशातील प्रौढांमधील अंदाजित प्रमाण ०.२२ टक्के होते. म्हणजेच हे प्रमाण सुमारे चौदा पट आहे. याचे मूळ त्यांच्या शरीरात नसून परिस्थितीत आहे. घरातून हाकलले जाणे, शाळा सुटणे, नोकरी न मिळणे आणि मग पोटासाठी देहविक्रय, अशी ही साखळी आहे. निरोधाचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक जाते, हेही त्यातलेच.

औषध कसे काम करते?

या औषधाला 'प्रेप' म्हणतात. संसर्ग होण्यापूर्वी, निरोगी व्यक्तीने घ्यावयाचे हे प्रतिबंधक औषध आहे. टेनोफोविर व एमट्रिसिटाबिन ही दोन द्रव्ये एकाच गोळीत असतात. विषाणूला पेशीत आपली प्रत काढण्यासाठी जे विकर लागते, त्याचे काम ती रोखतात. सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही, कावीळ-ब आणि मूत्रपिंड यांची तपासणी करतात. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी होते. गरमी, परमा यांसारख्या इतर गुप्तरोगांपासून मात्र ही गोळी वाचवीत नाही, म्हणून निरोध वापरणे आवश्यकच आहे. नॅकोने २०२२ साली याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केमिस्टकडे हे औषध मिळते, पण रोजच्या कमाईवर जगणाऱ्या स्त्रीला दरमहा पदरचा पैसा घालणे सोपे नसते.

चाचणीने दिलेला धडा

२०१० साली सहा देशांतील २,४९९ जणांवर झालेल्या 'आयप्रेक्स' चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध दिलेल्या गटात संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०१५ साली त्यातील ३३९ तृतीयपंथी स्त्रियांची आकडेवारी वेगळी काढली गेली. औषधाच्या गटात ११ जणींना व नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात १० जणींना संसर्ग झाल्याचे दिसले. वरवर पाहता औषध निरुपयोगी ठरले. परंतु त्या अकरा जणींना संसर्ग झाल्याचे आढळले, तेव्हा एकीच्याही रक्तात औषधाचा अंश नव्हता. सबब, औषध हरले नव्हते. ते शरीरात पोहोचलेच नव्हते. ते का पोहोचत नाही, हाच आपल्या अभ्यासाचा खरा विषय आहे.

अडसर कोठे आहे?

पहिला अडसर केसपेपरच्या खिडकीवर असतो. येथे आमचाच अनुभव सांगतो. आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने अर्जांमध्ये तृतीयपंथीयांसाठी रकाना ठेवण्यास बँकांना कळविले. रकाना छापला गेला. पण एकदा साडी नेसलेली एक खातेदार आमच्यासमोर आली. पासबुकावर पुरुषी नाव होते आणि आम्ही ते मोठ्याने पुकारले. रांगेत हशा पिकला. ती पैसे न काढताच निघून गेली. चूक आमची होती. रुग्णालयात असेच नाव पुकारले गेले, तर ती पुढच्या तपासणीला कशाला येईल?

दुसरा अडसर डेऱ्यात असतो. तेथे गुरू-चेल्यांचा गोतावळा एकत्र राहतो. गोळ्यांची बाटली सापडली की हिला रोग झाला, असा बोभाटा होतो, कारण बाधितांच्या औषधांच्या बाटल्याही तशाच दिसतात. मग गोळी लपविली जाते, चुकते आणि शेवटी सुटते.

तिसरा अडसर भीतीचा आहे. स्त्रीत्वासाठी घेतलेल्या संप्रेरकांवर गोळीचा परिणाम होईल, असे अनेकींना वाटते. थायलंडमधील अभ्यासात तसा परिणाम आढळला नाही. मात्र संप्रेरके घेणाऱ्यांनी प्रेप अधूनमधून न घेता रोज घ्यावी, असा सल्ला दिला जातो. हे समजावून सांगणारा माणूस हवा आणि तो त्यांच्यातलाच असेल तर उत्तम.

तशी सोय उभी राहिली होती. २०२१ पासून हैदराबाद, पुणे आणि आपल्या जवळच्या कल्याण येथे तृतीयपंथीयांसाठी 'मित्र क्लिनिक' चालत असे. आपले नाव, आपली माणसे आणि उपचार तेथे एकाच छताखाली मिळत. २०२५ च्या आरंभी अमेरिकेची मदत थांबली आणि तिन्ही ठिकाणची दारे बंद झाली. हैदराबादचे केंद्र पुढे दुसऱ्या मदतीने, नव्या नावाने सुरू झाले. परक्या पैशावर उभी असलेली सोय किती कच्ची असते, हे यातून दिसते.

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या लेनाकापाविर इंजेक्शनला मान्यता मिळाली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. त्याने बाटली लपविण्याचा प्रश्न सुटेल. खिडकीवरच्या वागणुकीचा सुटणार नाही.

आपले कर्तव्य

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, ती संविधानातील समता व सन्मानाच्या कलमांवर विसंबून. २०१७ चा एचआयव्ही कायदा भेदभावास मनाई करतो आणि गुप्ततेची हमी देतो. कायदा झाला, आता माणसांचे काम उरले आहे. विद्यार्थ्यांनी १०९७ हा मोफत माहिती क्रमांक लक्षात ठेवावा आणि गरजूंना सांगावा. सभासदांनी आरोग्य शिबिराचे आमंत्रण डेऱ्यापर्यंत न्यावे. सांताक्रूझच्या वाकोल्यात १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांची मदत घ्यावी. आणि आमच्यासारखे जे कोणत्याही खिडकीमागे बसतात, त्यांनी एवढेच करावे: नाव पुकारण्याआधी हळू आवाजात विचारावे, "ताई, आपल्याला कोणत्या नावाने हाक मारू?"

आम्ही आता तसे विचारतो.