करारात आधी हमी वाच

चि. मृणाल,


खेळाडूंचे करार करण्याच्या व्यवसायात तू उतरते आहेस, म्हणून आधीच सांगतो. लीगचं उत्पन्न घटलं की सगळ्यांच्या ताटातला घास सारखाच कमी होतो, असं समजू नकोस. अमेरिकेतल्या एनएफएल या फुटबॉल लीगचं २०२१ साल बघ. तिथे खेळाडूंचा वाटा लीगच्या उत्पन्नाशी बांधलेला आहे आणि संघांची वेतनमर्यादा त्यातूनच ठरते. २०२० मध्ये सामने झाले, टीव्हीचे पैसेही आले. पण कोरोनामुळे स्टेडियमं बहुतांशी रिकामी राहिली आणि तिकिटांचं उत्पन्न बुडालं. मर्यादा १९ कोटी ८२ लाख डॉलरवरून १८ कोटी २५ लाखांवर आली, म्हणजे सुमारे आठ टक्के घट. ही घट कुणाच्या अंगावर पडली? बड्या खेळाडूंचे करार संघांनी फिरवून घेतले. समजा, पगारातले १ कोटी २० लाख डॉलर बोनस म्हणून आजच दिले आणि कराराची चार वर्षं उरली असतील, तर मर्यादेच्या हिशेबात दरवर्षी ३० लाखच धरतात. यंदा ९० लाखांची जागा मोकळी होते आणि खेळाडूला पैसे उलट लवकर मिळतात. तिशीला टेकलेल्या, हमीचे (म्हणजे संघाने काढलं तरी द्यावेच लागणारे) पैसे संपलेल्या मधल्या फळीतल्या खेळाडूसाठी एवढा खटाटोप सहसा कुणी करत नाही. पगार कमी कर, नाहीतर जा, असं त्याला सांगतात. स्वस्तातला नवखा तयारच असतो.

तू म्हणशील, मग मर्यादा उत्पन्नाशी बांधावीच कशाला? मला ते पटत नाही. त्याच बांधणीमुळे २०२२ मध्ये मर्यादा २० कोटी ८२ लाखांवर गेली. शिवाय १७ कोटी ५० लाखांच्या खाली ती जाणार नाही आणि तूट पुढच्या वर्षांवर पसरेल, हे खेळाडूंच्या संघटनेने २०२० मध्येच मान्य करून घेतलं होतं. (आयपीएलमध्ये खेळाडूंच्या वतीने असा सौदा करणारी संघटनाच नाही.) अर्थात वर्षभरात मर्यादा सावरली म्हणून सगळ्यांचं नुकसान भरून निघालं, असंही नाही, संघाबाहेर गेलेल्या तिशीतल्या खेळाडूला ती जागा क्वचितच परत मिळते.

म्हणून करार हातात आला की एकूण रक्कम शेवटी बघ. हमीचे पैसे किती, ते कोणत्या वर्षी संपतात आणि लीगचं उत्पन्न आणि मर्यादा वाढवणारे टीव्ही हक्क त्याआधी नव्याने विकले जाणार की नंतर, हे आधी शोधून काढ.

तुझा,
काका