साठीनंतरची मोटारसायकल आणि फॉर्म १-ए

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘निवृत्तीनंतरचा छंद’ असा विषय सुचविला, तेव्हा माझ्याकडून त्यांना एखादे प्रवासवर्णन अपेक्षित असावे. मीही त्याच तयारीने लिहावयास बसलो होतो. परंतु चोर्ला घाटातील धुके आणि आंबोलीचा पाऊस यांविषयी माझ्यापेक्षा सरस लिहिणारी मंडळी आपल्या बेळगावात पुष्कळ आहेत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मोटारसायकलवर बसावे की नाही आणि ते कोणी ठरवावे, या प्रश्नावर मात्र आपण डॉक्टर मंडळी फारशी बोलत नाही, म्हणून तोच विषय घेतला आहे.

१९८० साली प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मी एक जुनी बुलेट विकत घेतली होती. खानापूर तालुक्यातील खेड्यांत रात्री-अपरात्री व्हिजिटला जावे लागे, आणि त्या रस्त्यांवर दुसरे कोणतेही वाहन टिकत नसे. मुले झाली, १९८९ मध्ये मोटार आली आणि बुलेट गेली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मी मोटारसायकलला हात लावला नाही. २०१८ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, साडेतीनशे सीसीची नवी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, “अहो, पेशंटला सांगता ते स्वतःलाही कधी सांगत जा.”

या वयात मोटारसायकल काय देते, असे मला अनेकजण विचारतात. पहाटे जांबोटी मागे टाकून कणकुंबीकडे निघावे, माउलीच्या देवळाजवळ, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे गाडी उभी करावी, हेल्मेट काढावे आणि कानांत शिरणारी शांतता ऐकावी. मोटारीत बसून हाच रस्ता मी शेकडो वेळा ओलांडला; पण काचेआडून ओल्या मातीचा वास येत नाही, आणि झाडीत शिरताच हवा एकाएकी गार झालेलीही कळत नाही. शिवाय गाडीवर असताना दुसरा कोणताही विचार मनात टिकत नाही. चाळीस वर्षे इतरांच्या तक्रारी ऐकलेल्या माणसाला ही विश्रांती फार मोलाची वाटते. हृदय बळकट होते, आयुष्य वाढते वगैरे दावे मी करणार नाही.

गाडी घेऊन दोन महिने झाले नसतील, तोच पहिला धडा मिळाला. पावसाळा सरत आला होता. घाटाच्या अलीकडच्या वळणावर एक म्हैस शांतपणे रस्ता ओलांडू लागली. मी क्लच दाबला आणि डाव्या पायाने ब्रेक दाबला, निदान मला तसे वाटले. गाडी थांबेना. मी पुन्हा डावा पाय दाबला. तोवर म्हैस पार झाली होती, मी मात्र रस्त्याकडेच्या तांबड्या चिखलात आडवा झालो होतो. उजवीकडच्या दोन बरगड्यांना तडे गेले.

यात गाडीचा दोष काहीच नव्हता. माझ्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता. आजच्या सर्व गाड्यांना हे उलट असते. सावकाश चालविताना मला ते बिनचूक जमत होते; संकटाच्या क्षणी मात्र १९८० साली शिकलेला पायच पुढे आला. डाव्या पायाने मी ब्रेक नव्हे, एकामागून एक गिअर खाली पाडत होतो, आणि क्लच दाबलेला असल्याने त्याचाही उपयोग होत नव्हता. एकदा मुरलेले कौशल्य मेंदूतून पुसले जात नाही, हे आपण विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकाने शिकवितो. ते चुकीच्या वेळीही जागे होते, हे मला चिखलात पडल्यावर कळले. म्हणून दीर्घ खंडानंतर गाडीवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पहिला महिना मोकळ्या मैदानात फक्त थांबण्याचा सराव करावा. वेग घेणे कोणालाही येते. मोटारसायकल थांबविण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि जुन्या पिढीतील आपल्यापैकी अनेकांना नेमकी त्याचीच भीती शिकविलेली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. घसरण्याची भीती त्यामुळे पुष्कळ कमी होते, परंतु ब्रेक दाबण्याचा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. वयोमानाने प्रतिक्रियेस अर्धा सेकंद जरी अधिक लागला, तरी ब्रेक लागण्यापूर्वीच आठ मीटर अंतर संपलेले असते. ही म्हैस आणि पुढची म्हैस यांच्यात एवढेच अंतर असते.

दोन बरगड्यांनी मला तीन आठवडे घरी बसविले आणि विचार करावयास वेळ दिला. तरुणाच्या दृष्टीने किरकोळ असलेली ही दुखापत साठीनंतर न्यूमोनियाचे दार उघडते, हे वॉर्डात आपण पाहतोच. रोज ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी अन्य औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला बसलेला मार पहिल्या दिवशी क्षुल्लक भासतो आणि तिसऱ्या आठवड्यात सबड्युरल होऊन पुढे येतो. प्रोस्टेटसाठीच्या गोळीने उभे राहताच रक्तदाब उतरतो, सर्दीच्या गोळीने दुपारी डुलकी लागते. मानेचे सांधे आखडले, की मागचे वाहन पाहण्यासाठी माणूस मानेऐवजी खांदे वळवितो, आणि खांद्यांबरोबर हँडलही वळते. ही शेवटची गोष्ट कोणत्याही पुस्तकात मी वाचली नव्हती, ती माझ्या मेकॅनिकने मला दाखविली. “डॉक्टरसाहेब, तुम्ही मागं बघितलं की गाडी डाव्या अंगाला जातीया,” असे तो म्हणाला. मूत्रल गोळ्या आणि प्रोस्टेट यांच्या कृपेने मी दर तासाला थांबतोच, त्यामुळे थकवा टाळण्याचा निराळा उपाय मला करावा लागत नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता मुलीकडे न्यूझीलंडला गेलो. सौ.चे गुडघे तोवर बोलू लागले होते. मोटारसायकलच्या मागील आसनावर पाय टाकून बसणे तिला जमेनासे झाले होते. मुलीने आमच्यासाठी दहा दिवसांकरिता मोटारहोम भाड्याने घेतली. स्वयंपाकाचा ओटा, बिछाना आणि छोटेसे स्वच्छतागृह असलेली ती गाडी भारतीय परवान्यावर मला चालविता आली, आणि तिथेही वाहने डाव्या बाजूनेच चालत असल्याने फारशी अडचण आली नाही. क्राइस्टचर्चहून निघून टेकापो सरोवराकाठी मुक्काम केला, तेव्हा सौ.ने गाडीतल्या शेगडीवर पोहे केले आणि निळ्या पाण्याकडे पाहत आम्ही ते खाल्ले. ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुचाकीला नकार देतात, त्यांच्यासाठी हा फार चांगला मार्ग आहे. मात्र मोटारहोम म्हणजे चाके लावलेले घर, आणि घर म्हटले की घरकाम आलेच. रोज वापरलेले पाणी आणि शौचालयाची टाकी ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते. ते काम बिनतक्रार माझ्याकडे आले. उंच गाडीला आडवा वारा ढकलतो, म्हणून दिवसाला दीडशे किलोमीटरपलीकडे जायचे नाही असे आम्ही ठरविले होते.

तिथल्या मुक्कामावर शेजारी एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ उतरले होते. मेंढपाळीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मोटारहोमच्या मागे एक लहान मोटारसायकल बांधलेली होती, आणि सकाळी तीवरून ते एक फेरी मारून येत. संध्याकाळी गप्पांत ते सहज म्हणाले, की अंधार पडल्यावर गाडी चालविण्यास त्यांच्या डॉक्टरांनी बंदी घातली आहे. तिथे पंच्याहत्तराव्या वर्षी परवाना चालू ठेवण्यासाठी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागे. त्यांच्या डॉक्टरांनी डोळे, मान, पाय, औषधे, सारे काही पाहिले, आणि दिवसा चालवा, रात्री नको, असे सांगितले. हे सांगताना त्या गृहस्थांच्या स्वरात जराही कडवटपणा नव्हता. उलट आपला डॉक्टर कसा काळजीवाहू आहे, हेच ते मला सांगत होते. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

त्याचे कारण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्याला परवान्यासाठी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे प्रमाणपत्र लागते. तोच फॉर्म १-ए. चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, ऐकू नीट येते का, रातांधळेपणा आहे का, गाडी चालविण्याच्या आड येणारे काही व्यंग आहे का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. चक्कर किंवा अचानक शुद्ध हरपण्याविषयीचा प्रश्न फॉर्म १ मध्ये, अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणेत असतो. माझ्या दवाखान्यात हा फॉर्म एका मिनिटात भरला जाई. बाहेर वीस रुग्ण ताटकळत असत, अर्जदार वर्षानुवर्षांच्या ओळखीचा असे, आणि कंपाउंडर शिक्का तयारच ठेवी.

२०१५ साली एका निवृत्त गुरुजींना मी अशीच सही दिली होती. मधुमेहासाठी ते ग्लिमेपिराइड घेत. ती गोळी मीच लिहून दिली होती. पुढच्या वर्षी एका संकष्टीला सकाळची गोळी घेऊन त्यांनी दिवसभर उपवास केला आणि सायंकाळी स्कूटरवरून गणपतीच्या दर्शनाला निघाले. वळणावर घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पडले. मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग झाला, शस्त्रक्रिया झाली. पण वॉकरशिवाय ते पुन्हा कधी चालू शकले नाहीत. गुरुजींनी मला कधीच दोष दिला नाही. एकदा घरी गेलो असता ते अगदी मनापासून म्हणाले, “डॉक्टर, तुमची सही होती म्हणून मी निर्धास्त होतो.”

न्यूझीलंडहून परतल्यावर त्याच वर्षी माझ्या परवान्याचे नूतनीकरण आले. फॉर्म घेऊन मी एका व्यवसायबंधूकडे गेलो. “तुम्हाला काय तपासायचे, सर?” असे हसून म्हणत त्यांनी सही केली आणि चहा मागविला. मी तो कागद घरी आणला, पण कार्यालयात नेला नाही. दुसऱ्या दिवशी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानालगतच्या रस्त्यावर मोजपट्टीने पंचवीस मीटर मोजले आणि उभ्या मोटारीचा नंबर वाचून पाहिला. भर उजेडात वाचता आला. सायंकाळी साडेसहाला त्याच जागी उभा राहिलो, तेव्हा शेवटचे दोन आकडे अंदाजाने सांगितले. ते दोन्ही चुकले. समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याभोवती तर नुसता पसारा दिसत होता. साठाव्या वर्षी दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा उजेड विसाव्या वर्षाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच असतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. माझ्या डोळ्यांत शिवाय मोतीबिंदूही होता, आणि फॉर्म १-ए चा प्रश्न दिवसाच्या उजेडापुरताच असल्याने मी त्यातून सहीसलामत सुटलो असतो. हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली आणि मगच, नव्या तपासणीनंतर, नवा फॉर्म भरून दिला.

२०२४ मध्ये पुन्हा नूतनीकरण आले, तेव्हा मी एका तरुण सहकाऱ्याकडे गेलो आणि अनोळखी अर्जदार समजून तपासण्याची विनंती केली. डॉक्टरसाहेबांना अर्धा तास लागला. बसून आणि उभ्याने रक्तदाब घेतला, मान दोन्ही बाजूंना किती वळते ते पाहिले, सर्व गोळ्या टेबलावर मांडावयास लावल्या आणि त्यांतील झोपेची गोळी बंद केली. डावीकडे मान कमी वळते म्हणून महिनाभर व्यायाम दिला आणि महिन्यानंतरच सही केली. सहीबरोबर एका साध्या कागदावर, कायद्याने न मागितलेल्या, चार ओळी लिहून दिल्या : अंधारात नाही, पावसात नाही, उपाशीपोटी नाही, एकट्याने घाटात नाही. गेली तीस वर्षे मी इतरांना देऊ शकलो असतो आणि दिला नाही, असा तो कागद आहे. मी त्याची प्रत काढून आमच्या संस्थेच्या दोन बैठकांत फिरविली. एक-दोघांनी वेळेचा प्रश्न काढला. तो खराच आहे. परंतु पंचवीस मीटर अंतरावर नंबर लिहिलेली पाटी दवाखान्याबाहेर टांगावयास वेळ लागत नाही, आणि मधुमेहाच्या रुग्णाला उपवासाविषयी विचारण्यास अर्धे मिनिट पुरते.

गाडी पडली तर ती उचलण्याचेही एक शास्त्र आहे. ही गाडी सुमारे एकशे नव्वद किलोची. तिच्याकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीटखालचा लोखंडी भाग धरावा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे सरकत उभे राहावे. सत्तराव्या वर्षी मला ते जमते. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी गाडी भाच्याला द्यायची असे ठरलेले आहे, आणि ते ठरविताना मीच साक्षीदार म्हणून सौ.ला बसविले.

गाडीची किल्ली आता तिच्याकडे असते. आमच्या व्हरांड्यापासून शेजाऱ्यांच्या फणसापर्यंतचे अंतर तिने पावलांनी मोजून ठेवले आहे. गेल्या रविवारी कणकुंबीला निघालो, तेव्हा फणसाखाली दुधाची व्हॅन उभी होती. किल्ली मुठीत धरून ती म्हणाली, “आधी नंबर वाचा.” मी वाचला. तिने चष्मा लावून स्वतः पडताळून पाहिला आणि मग किल्ली हातात दिली.