पट्ट्याखाली काय आहे ते बघ

चंद्रपूर

चि. सौ. छकुलीस,


तू पाठवलेली ट्रेडमिलची तिन्ही माहितीपत्रकं नीट वाचली. त्यातलं मोठ्या स्क्रीनचं, स्पीकरचं, मसाजर जोडलेलं मशीन तुझ्या मनात भरलेलं दिसतं. फोनवर एवढं सगळं सांगणं झालं नसतं, आणि दुकानात उभी असशील तेव्हा कागद हाताशी असलेला बरा, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जावईबापूंच्या म्हणण्याबद्दल. चालायला रस्ता फुकट असताना घरात यंत्र कशाला, असं त्यांना वाटतं. पुण्या-नाशिकच्या माणसाला मीही हेच म्हटलं असतं. पण २०२५ च्या मे महिन्यात तुमच्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच दिवशी वाघाने मारलं. आमच्याकडेही फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात एका कामगाराचा वाघाने जीव घेतला आणि लगेच दुर्गापुरात बिबट्याने एका पोराला उचललं. तेव्हापासून अंधार असताना फिरायला निघणं कॉलनीत बहुतेकांनी सोडलं. आणि उजेड होईपर्यंत थांबावं, तर एप्रिल-मे मध्ये आठ वाजताच ऊन अंगाला चटके देतं. पावसाळ्यात चिखल आणि साप. म्हणजे तुझ्या आईला, माझ्या ताईला, निर्धास्तपणे चालता येईल असे महिने वर्षात थोडेच उरतात, आणि शुगरच्या माणसाने चालण्यात महिनोन्‌महिने खंड पाडून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तोही सगळ्या आठवड्यांसाठी. तेव्हा आपल्या भागात हे मशीन चैनीचं नाही, असं माझ्या नावाने त्यांना सांग. पैसे मात्र योग्य जागी लागले पाहिजेत.

मशीन कोणासाठी घेतेस ते पहिलं पक्कं कर. तू लिहिलंस की ताईचं चालणं होईल, तुझं वजन उतरेल आणि आपल्या पोलीस भरतीवाल्या चिरंजीवांची धावण्याची तयारीही होईल. तिसरं कारण काढून टाक. पुरुषांना भरतीत १६०० मीटर धावायचे असतात. चांगले गुण मिळवणारी पोरं ते अंतर पाच-साडेपाच मिनिटांत मारतात, म्हणजे ताशी साडेसतरा ते एकोणीस किलोमीटरचा वेग झाला. तुझ्या माहितीपत्रकात कमाल वेग १४ लिहिलाय, महागड्यात १६. ज्या वेगाची त्याला तयारी करायची, तिथवर मशीन पोचतच नाही. शिवाय भरतीच्या मैदानावर वळणं असतात, माती असते, शेजारी पन्नास पोरं धावत असतात. त्याने शाळेच्या मैदानावरच, दिवस उजाडल्यावर, चार मित्रांसोबत धावावं. त्याच्या नावाखाली दुकानदार तुला पंधरा-वीस हजारांनी वरचं मॉडेल विकेल, ते होऊ देऊ नको.

उरलात तुम्ही दोघी, चालणाऱ्या. त्यातही ताई हळू चालणारी आणि अंगाने भारी. आता माझ्या नोकरीतलं सांगतो. मी कोल हँडलिंग प्लांटमध्ये आयुष्य काढलं. वॅगनमधला कोळसा बॉयलरपर्यंत नेणारे पट्टे चालते ठेवणं हेच आमचं काम. ट्रेडमिल म्हणजे तेच यंत्र छोट्या आकारात: मोटर, पुढचा रोलर, मागचा रोलर, मधे फळी आणि वरून फिरणारा पट्टा. पट्ट्याचं यंत्र रिकामं फिरताना कधीच खरं बोलत नाही, ओझं पडल्यावर बोलतं. दुकानात तुला ते रिकामं फिरवून दाखवतील, फार तर विक्रेता पोरगा त्यावर धावून दाखवेल. तू ताईला सोबत ने. वेग ताशी दोन किलोमीटरवर ठेव आणि तिला दहा मिनिटं चालू दे. ताशी आठने धावणाऱ्या हडकुळ्या पोरापेक्षा दोनने चालणारं जड माणूस मोटरला जास्त छळतं. हळू फिरताना मोटर करंट जास्त ओढते आणि तिचा पंखाही हळू फिरत असल्यामुळे ती नीट थंड होत नाही. पाय टेकला की पट्टा किंचित अडखळतोय का, ते ताईच्या तळपायाला कळेल, तिलाच विचार. दहा मिनिटांनी मोटरच्या झाकणाजवळ नाक ने. गरम वार्निशचा वास आला तर ते मशीन तिथेच सोडून ये.

एचपीचा आकडा माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलाय: ६ एचपी पीक. हे गणित तूच करून बघ. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, सहाचे झाले ४,४७६. घरातला मोठा पॉवर प्लग १६ अँपिअरचा. २३० व्होल्टने गुणलं तर ३,६८० वॅट. घरचा प्लग जेवढं देऊ शकत नाही तेवढं ती मोटर सतत कुठून काढणार? तो क्षणभराच्या झेपेचा आकडा आहे. तुला हवा तो कंटिन्युअस एचपी, म्हणजे तासभर न थांबता मिळणारा. चालण्यासाठी दीड ते दोन कंटिन्युअस पुष्कळ झाला. माहितीपत्रकात तो नसेल तर मोटरवर चिकटवलेल्या पत्र्यावर असतो. झाकणाचे स्क्रू काढून दाखवायला सांग. जो दुकानदार दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नको.

वजनमर्यादा घरातल्या सगळ्यात भारी माणसापेक्षा वीस-पंचवीस किलोने जास्त असू दे. पट्ट्याची रुंदी ४२ ते ४५ सेंटीमीटर आणि लांबी १२० च्या आसपास तुम्हा दोघींना पुरते. ५० बाय १४०चा लांबरुंद पट्टा उंच धावणाऱ्यांसाठी. ताईसाठी मी आणखी दोन गोष्टी बघितल्या असत्या. पायरी जमिनीपासून किती उंच आहे, कारण गुडघ्याचं माणूस दिवसातून दोनदा तिथे चढणार-उतरणार. आणि बाजूचे दांडे कमरेपर्यंत मागे आलेत का. बऱ्याच मशीनचे दांडे फोटोत छान दिसतात, पण वीतभरच असतात.

आता विजेचं. उन्हाळ्यात संध्याकाळी गावभरचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज कसं बसतं ते तुला माहीत आहे. कमी व्होल्टेजवर हे मशीन रडतखडत चालतं आणि त्यातच त्याचं कंट्रोल कार्ड जळतं. ते कार्ड म्हणजे मशीनमधला सगळ्यात महाग आणि सगळ्यात उशिरा मिळणारा भाग. त्यामुळे तीन-चार केव्हीएचा स्टॅबिलायझर मशीनच्या किमतीतच धर, वेगळा खर्च म्हणून मागे टाकू नको. स्वतंत्र पॉवर प्लग ओढून घे, अर्थिंग चांगल्या वायरमनकडून तपासून घे, एक्स्टेंशन बोर्डावर मुळीच लावू नको. घरचा इन्व्हर्टर हे ओझं उचलणार नाही. लाईन गेली की पट्टा थांबणार, हे धरूनच ताईने दांड्याजवळ चालावं.

आणि लाईन परत आल्यावर काय होतं, ही तपासणी दुकानात करच करच. पट्टा फिरत असताना भिंतीवरचं बटण बंद करायला लाव, मग पुन्हा चालू. मशीन गप्प राहिलं पाहिजे. स्टार्ट दाबल्याशिवाय आणि शून्यापासून सुरुवात केल्याशिवाय ते हललं, तर ते घरात आणण्याच्या लायकीचं नाही.

आमच्या पट्ट्यांच्या कडेने शेवटपर्यंत एक दोरी बांधलेली असायची, पुल कॉर्ड. कोणीही कुठूनही ओढली की पट्टा बंद. तुझ्या मशीनला त्याच कामासाठी लाल सेफ्टी की आहे. तिची चिमटी ताईच्या पदराला लावायची, पाय घसरला की की निघते आणि पट्टा थांबतो. ताईला हे कटकटीचं वाटेल, तरी तिला सवय लाव. चालणं संपलं की ती की कपाटात, छोटीचा हात पोचणार नाही अशा जागी. मागच्या रोलरजवळ जिथे पट्टा आत ओढला जातो, तिथे लहान मुलांची बोटं सापडतात, कातडी सोलून निघते. कारखान्यात अशा जागेला आम्ही जाळी लावल्याशिवाय पट्टा सुरूच करत नव्हतो. घरात जाळी नसते, म्हणून पट्टा फिरताना छोटी त्या खोलीत नको. पाठीमागे भिंतीपर्यंत दोन मीटर मोकळी जागाही ठेव.

स्क्रीन, स्पीकर, ब्लूटूथ, ३६ प्रोग्रॅम यांवर मी फार लिहीत नाही. गाणी फोनवर आहेतच, आणि प्रोग्रॅममधले दोन सोडून कोणी वापरत नाही. अमेरिकेत विल्यम स्टॉब नावाच्या इंजिनिअरने १९६०च्या दशकाअखेर पहिली घरगुती ट्रेडमिल बनवली, तेव्हा तिच्यावर वेळेची आणि वेगाची चकती एवढंच होतं. लोकांचं तेवढ्यावर भागलं. कॅलरीचा आकडा अंदाजाचा असतो; ताई दांड्याला रेलून चालली तरी मशीन पूर्ण कष्टाचे मार्क देतं. मुठीत धरायच्या पट्ट्यांवर नाडी मोजतात, तीही हात हलला की चुकते. चरबीची टक्केवारी तर वय, उंची, वजन तूच भरल्यावर सूत्राने काढलेली असते. मसाजर, ट्विस्टर, डंबेल्स नकोच. मसाजरला वेगळी मोटर लागते आणि ती सांगाड्याला हादरे देते.

चढाची सोय मात्र कामाची आहे. वेग न वाढवता श्रम वाढवता येतात. हृदयाची टीएमटी तपासणी करतात तीसुद्धा ताशी २.७ किलोमीटर एवढ्या संथ वेगानेच सुरू होते, फक्त चढ १० टक्के असतो आणि दर तीन मिनिटांनी वेग-चढ वाढतो. यावरून चढाची ताकद लक्षात घे. तुला बटणावरचा चढ मिळाला तर चांगलं; हाताने ठोकळा बदलायचा असेल तर तो कधीच बदलला जाणार नाही. ताईला गुडघ्याच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय सपाटच चालव.

मशीन ठेवशील कुठे? मागच्या टिनाच्या शेडमध्ये नको. पारा ४५ च्या वर गेला की टिनाखाली मोटर आणि माणूस दोघांचेही हाल. पुढच्या खोलीत ठेव, पण कूलरचा झोत थेट मशीनवर घेऊ नको. त्या ओल्या हवेने रोलरला गंज चढतो. धानाच्या दिवसांत भुसा आणि धूळ, बाराही महिने उंदीर आणि पाली. कार्डावर पाल चिकटून शॉर्ट झालेली पॅनेलं मी खूप पाहिलीत. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून झाकण उघडायचं, मऊ ब्रशने धूळ झाडायची, वायरी कुरतडल्यात का बघायचं. पट्ट्याखाली सिलिकॉन ऑईलच घालायचं, खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नाही. पट्टा उजवीकडे सरकला तर मागचा उजवा बोल्ट एलन कीने पाव फेरा आवळायचा, मग रिकामा फिरवून बघायचा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर कधी जाऊ नको.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. बिघडलं तर येणार कोण? नागपुरात बसलेल्या कंपनीच्या माणसाला सिंदेवाही लांब वाटतं, अहेरी-भामरागड तर त्याच्या यादीतही नसतं. माझ्या ओळखीच्या एका घरी कार्ड जळलेलं मशीन पूर्ण पावसाळाभर कपडे वाळवायच्या कामी आलं. म्हणून कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर स्वतः फोन कर, तुझा पिनकोड सांग आणि घरी येऊन दुरुस्ती करता का, येण्याजाण्याचे पैसे कोणाकडे, हे विचार. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नको. वॉरंटीत मोटरची वर्षं मोठ्या अक्षरात असतात. तू कार्डाची, पट्ट्याची आणि मजुरीची वर्षं बघ, आणि व्होल्टेजमुळे झालेला बिघाड धरलाय की वगळलाय तेही. कमी सोयींचं मशीन, पण ज्याचा कारागीर चंद्रपुरात किंवा ब्रह्मपुरीत आहे, असं मिळालं तर मी डोळे मिटून तेच घेईन.

जुनं घ्यायलाही माझी हरकत नाही. कॉलनीत बदली झाली की लोक विकून जातात. किती किलोमीटर चाललंय ते काही मशीन दाखवतात, आणि पट्ट्याची आतली बाजू उलटून पाहिली की झीज कळते. हवं तर मी बघून ठेवतो.

ताईचं आता. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका, विशेषतः इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. चालता चालता शुगर उतरून घेरी येऊ शकते, म्हणून हाताशी साखर किंवा ग्लुकोज ठेव आणि रिकाम्या पोटी चढवू नको. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं संथ चालली तर शुगरला त्याचा चांगला फायदा होतो. पायात बूट हवेतच. तिच्या तळपायांची जाणीव कमी झाली असेल तर पट्ट्याने घासलेलं तिला कळणारही नाही. रोज रात्री पाय बघत जा. पहिले पंधरा दिवस तू शेजारी उभी राहा.

दोन मशीन नक्की केलीस की त्यांच्या मोटरवरच्या पत्र्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठव, आणि संध्याकाळी सात वाजता घरातलं व्होल्टेज किती येतं तेही वायरमनकडून मोजून घेऊन कळव. त्यावरून स्टॅबिलायझर कोणता ते सांगतो. जावईबापूंना नमस्कार, छोटीला पापा, ताईला म्हणावं गुडघ्याचा पट्टा बांधत जा.

तुझा,
मामा